इंदुरात सराव, आंबोलीत मॅक्रो: किडे-कोळी टिपण्याची तयारी

वर्षावनात मॅक्रो, म्हणजे किड्यांचं अगदी जवळून मोठं छायाचित्रण, करायला गेलेल्या माणसाचा निम्मा वेळ फ्लॅशशी झटापट करण्यात जातो. चष्म्यावर वाफ, मानेवर डास, पायाला जळू आणि हातात मेनू उघडलेला कॅमेरा. तोवर समोरचा कोळी पानाखाली पसार झालेला असतो. इंदूरहून सह्याद्रीतल्या आंबोलीला किंवा आगुंब्याला जाणाऱ्यांनी म्हणून उजेडाचा सगळा हिशेब घरी बसवावा आणि जंगलात शक्यतो एकाही आकड्याला हात लावू नये. मॅक्रोत हे जमतं. फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसलेला असतो आणि ठरावीक मॅग्निफिकेशनला (किडा सेन्सरवर किती मोठा उमटतो त्या प्रमाणाला) लेन्सपासून किड्याचं अंतरही ठरलेलं असतं. अंतर तेच, फ्लॅश तोच, मग एक्स्पोजरही तेच राहतं.

सरावाला इंदूर चांगलं आहे, पण पावसाळ्यात. माळव्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस, आंबोलीत सात हजारांच्या पुढे. आपल्याकडचं जंगल सागाचं, पानगळीचं. तरी जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत रालामंडल, चोरल, जानापावच्या डोंगरउतारावर किड्यांची जत्रा असते आणि सिरपूर तलावाच्या काठी टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) आणि चतुर मुबलक मिळतात. रालामंडल अभयारण्य आहे, तिथे दिवसाच आणि वेळेतच जायचं. रात्रीचा सराव घरच्या बागेत किंवा ओळखीच्या कुणाच्या शेतावर करावा. कुंड्यांमधला, खिडकीच्या चौकटीवरचा उड्या मारणारा कोळी हा तर सगळ्यात उत्तम गुरू. तो सेंटिमीटरभर असतो, वर्षभर भेटतो आणि लेन्सकडे वळून बघतो.

लेन्स कोणती

नव्वद ते एकशेपाच मिलिमीटरची १:१ मॅक्रो लेन्स असेल तर प्रश्नच नाही. १:१ म्हणजे किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटणं. एपीएस-सी (अनेक कॅमेऱ्यांतला मध्यम आकाराचा) सेन्सर सुमारे २३ मिमी रुंद असतो, म्हणजे १ सेंमीचा कोळी चौकटीच्या निम्म्याहून थोडा कमी भरतो. त्याचा चेहरा फक्त ३ मिमीचा. चेहराच हवा असेल तर २:१ किंवा त्याहून पुढे जावं लागतं.

मॅक्रो लेन्स नसेल तर रेनॉक्स डीसीआर-२५० ही क्लिपने अडकणारी काच घ्या. ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टर-थ्रेडवर (लेन्सच्या तोंडाच्या आट्यांवर) ती सरळ बसते. ताकद ८ डायॉप्टर, म्हणजे फोकल लांबी १२५ मिमी. झूम लेन्स अनंतावर फोकस करून ठेवली की मॅग्निफिकेशन काढायला झूमच्या आकड्याला १२५ ने भागायचं. १२५ ला १:१, २५० ला २:१. लांबच्या झूमवर कोपरे काळे पडत नाहीत, ७० मिमीच्या आसपास पडू शकतात.

तिचा खरा फायदा मात्र दुसराच आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. झूम कितीही फिरवा, लेन्स अनंतावर असेपर्यंत किड्याचं अंतर तेच राहतं, सुमारे ११-१२ सेंमी. मॅक्रो लेन्समध्ये जवळ जाताना जसा उजेड कमी होतो तसा इथे होत नाही. एकच अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र), फ्लॅशची एकच पॉवर, सगळ्या झूमवर चालते. नवशिक्याला मॅक्रो लेन्सपेक्षा ही जोडी सोपी जाते, असं आमचं ठाम मत आहे.

एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या, ५० मिमीच्या लेन्सवर लावल्या तर मॅग्निफिकेशन छान मिळतं, पण किडा लेन्सच्या इतका तोंडाशी येतो की डिफ्यूझरला (फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या पडद्याला) जागाच उरत नाही. ट्यूब स्वस्त म्हणून घेतल्या आणि त्यात इलेक्ट्रॉनिक संपर्क नसले, तर बहुतेक लेन्सचं अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही. घ्यायच्याच असतील तर संपर्क असलेल्या घ्या.

अ‍ॅपर्चरचा हिशेब

मॅक्रो लेन्सवर लिहिलेला एफ-आकडा (तो जितका मोठा, छिद्र तितकं लहान) जवळच्या फोकसला खरा राहत नाही. लिहिलेल्या आकड्याला मॅग्निफिकेशन अधिक एकने गुणलं की प्रभावी आकडा मिळतो. १:१ ला एफ ११ म्हणजे प्रत्यक्षात एफ २२. २:१ ला एफ ८ म्हणजे एफ २४. याच्या पुढे गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) केसांचे, खवल्यांचे बारकावे लोण्यासारखे वितळतात आणि ते एडिटिंगमध्ये परत येत नाहीत. म्हणून १:२ ला एफ १३, १:१ ला एफ ११, २:१ ला एफ ८, एवढं डोक्यात ठेवा. निकॉनच्या मॅक्रो लेन्सवर कॅमेरा स्वतःच प्रभावी आकडा दाखवतो, तिथे स्क्रीनवर एफ २२ दिसला म्हणून घाबरू नका. रेनॉक्सवर ही वाढ होत नाही, त्यामुळे तिथे एफ १६ बिनधास्त चालतो.

फोकसमध्ये येणारी जाडी किती? एपीएस-सीवर १:१ ला, एफ ११ ला जेमतेम ०.९ मिमी. २:१ ला एफ ८ ठेवलात तर पाव मिलिमीटर. म्हणजे जवळचा डोळा आणि मागचा डोळा एकाच वेळी धारदार यायचे असतील तर चेहरा सेन्सरला समांतर हवा. हे कॅमेऱ्याने जमत नाही, गुडघे आणि कोपर यांनी जमतं.

डिफ्यूझर

बजेट मर्यादित असेल तर लेन्सवरचे पैसे वाचवा, डिफ्यूझरवरचा वेळ वाचवू नका. किड्यांचं कवच चकचकीत असतं. भुंगेरा, मुंगी, कोळ्याचा डोळा हे सगळे छोटे आरसेच, आणि त्यात तुमचा फ्लॅश जसा आहे तसा दिसतो. उघडा फ्लॅश असेल तर डोळ्यात पांढरा ठिपका आणि पाठीवर जळालेला पट्टा.

फ्लॅश छोटा आणि हलका घ्या. दोन एए सेलवर चालणारा गोडॉक्स टीटी ३५० सारखा पुरतो. पॉवर नेहमी मॅन्युअल. १/८ किंवा १/१६ पॉवरला फ्लॅशचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच असतो, हात हलला तरी चित्र हलत नाही. साधे अल्कलाइन सेल टाकू नका, निकेल मेटल हायड्राइड रिचार्जेबल वापरा. फ्लॅश पुन्हा तयार व्हायला वेळ कमी लागतो.

डिफ्यूझरचं सामान इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल: फाइल-फोल्डरची दुधी रंगाची प्लास्टिक शीट, टीव्हीच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा फोम, काळा जाड कार्डशीट, अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी आणि वेल्क्रो. कार्डशीटचा पुढे रुंद होत जाणारा बोगदा करायचा. मागचं तोंड फ्लॅशच्या डोक्यावर घट्ट बसेल एवढं, पुढचं तोंड लेन्सच्या टोकापर्यंत पोचेल एवढं, साधारण २० सेंमी रुंद. आतून चिकटपट्टी लावून चकचकीत करायचं, बाहेरून काळंच ठेवायचं. फ्लॅशच्या तोंडाशी फोमचा पहिला थर, मग ८-१० सेंमी मोकळी जागा, मग पुढच्या तोंडाला दुधी शीट. ही शीट सपाट न ठेवता लेन्सच्या पुढे कमानीसारखी वाकवून किड्याच्या वरून थोडी पुढे आणायची. दोन थर एकमेकांना चिकटवले तर काही साधत नाही, उजेड नुसता कमी होतो. मधल्या मोकळ्या जागेतच तो पसरतो.

बटर पेपरने उजेड सुंदर पडतो, पण आंबोलीत अर्ध्या तासात ओला होऊन लोंबायला लागतो. जंगलासाठी प्लास्टिकच. आणि जोड सगळे वेल्क्रोचे ठेवा, गोंद दमट हवेत सुटतो.

आता चाचणी. मंगळसूत्रात असतो तसा काळा मणी घ्या, दोन-तीन मिलिमीटरचा. एखाद्या पानावर ठेवून १:१ ला फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून मण्यातलं प्रतिबिंब बघा. कडेला हळूहळू मावळणारी रुंद पांढरी कमान दिसली तर काम झालं. कमानीच्या मधोमध वेगळा लख्ख ठिपका दिसत असेल तर फ्लॅशचा गाभा आरपार येतोय, पहिल्या थरात फोमचा आणखी एक तुकडा घाला. दोन वेगळे पट्टे दिसले तर शीट मधोमध दुमडली आहे. कोळ्याच्या डोळ्यात काय दिसणार आहे ते हा मणी तंतोतंत सांगतो.

मग त्याच पानावर मॅन्युअल मोडमध्ये आकडे पक्के करा. आयएसओ २००, शटर १/२०० (फ्लॅशसोबत चालणारी शटरची कमाल गती, म्हणजे सिंक मर्यादा, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० असते), अ‍ॅपर्चर वर सांगितल्याप्रमाणे आणि फ्लॅश १/८ पासून सुरुवात. हिरव्या पानाचा हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) मधल्या भागात येईपर्यंत फक्त फ्लॅशची पॉवर बदला. १:२, १:१ आणि २:१ या तिन्हींचे आकडे कागदावर लिहून फ्लॅशच्या पाठीवर चिकटवा आणि वरून पारदर्शक टेप. फिकट किड्याला एक पायरी खाली (पॉवर निम्मी), काळ्या कुळकुळीत भुंगेऱ्याला एक पायरी वर (दुप्पट). जंगलात एवढाच बदल करायचा.

काळी पार्श्वभूमी

दाट वर्षावनात जमिनीपर्यंत वरच्या उजेडाचा एक-दोन टक्केच भाग पोचतो. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटत जातो. किडा १० सेंमीवर आणि मागचं पान ४० सेंमीवर असेल तर पानाला सोळावा हिस्साच मिळतो. म्हणून दुपारी काढलेला फोटोसुद्धा मध्यरात्रीचा वाटतो. सगळ्यात सोपा इलाज म्हणजे किड्याच्या मागे ५-८ सेंमीवर एखादं रुंद पान येईल असा कोन शोधणं. नाहीतर पडलेलं पान डाव्या हातात धरा. पानावरचे डाग आणि शिरा दिसू नयेत म्हणून ते जरा वाकडं धरा. आकाशाचा निळा-हिरवा रंगच हवा असेल तर आयएसओ ८००, शटर १/६० आणि फ्लॅश दोन पायऱ्या खाली. इथे मात्र हाताची थरथर दिसायला लागते. रात्री काळी पार्श्वभूमी शोभते, तिथे उगाच झगडू नये.

हात आणि श्वास

ट्रायपॉड घरी ठेवा. पान हलतं, किडा सरकतो, पाय रुततात. लेन्स मॅन्युअल फोकसला हव्या त्या मॅग्निफिकेशनवर लावायची आणि फोकस रिंगला पुन्हा हात लावायचा नाही. फांदीचा देठ डाव्या हाताच्या बोटांत धरा आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवा. आता किडा आणि कॅमेरा एकत्र हलतात, वारा सुटला तरी अंतर तेच. कोपर बरगड्यांना चिकटवून कंबरेतून किंचित पुढे-मागे डोला आणि डोळा धारदार झाला की बटण दाबा. श्वास सोडताना दाबलेलं बरं. मात्र उच्छ्वास किड्याच्या अंगावर जाऊ देऊ नका. गरम वारा लागताच मुंग्या पळतात आणि जाळ्यातला कोळी आडोशाला जातो.

फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेल्या फ्रेम जोडून एक चित्र करणं, हातानेही जमतं. फ्लॅश १/३२ ला, बर्स्ट मोड आणि एका संथ झुकण्यात दहा-पंधरा फ्रेम. दोन फ्रेममधलं अंतर फोकसच्या जाडीच्या दोन-तृतीयांशाहून जास्त नको, म्हणजे १:१ ला एफ ११ वर सुमारे ०.६ मिलिमीटर. मधली एक जरी फ्रेम सुटली तर पायावर धुरकट पट्टा येतो. झेरीन किंवा हेलिकॉन, दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे जुळतं. पण केसाळ कोळ्याने मध्येच पाय हलवला असेल तर सॉफ्टवेअरच्या मागे तास घालवू नका, एकच चांगली फ्रेम निवडा.

जवळ जायची दिशा महत्त्वाची. सावली किड्यावर पडता कामा नये आणि वरून उतरायचं नाही. दोन फुटांवर बसा, मग कोपर टेकवत पुढे. चतुर पहाटे, दव असताना घ्या. अंग गार असेपर्यंत त्याला उडता येत नाही, ऊन चढलं की संपलं. इंग्रजी एक्स अक्षरासारखी नक्षी जाळ्यात विणणारी सिग्नेचर कोळीण धक्का लागला की जाळं गदागदा हलवते किंवा दोरावरून खाली टाकून घेते. जाळ्याचे आधाराचे दोर कुठे बांधलेत ते आधी पाहा आणि त्यांच्यापासून लांबून वळसा घ्या.

घाटातल्या जंगलात मोठ्या सोनेरी जाळ्यातली जायंट वूड कोळीण, नेफिला पिलिपेस, भेटतेच. मादीचं नुसतं धड ३ ते ५ सेंमी, पायांसह ती तळहाताएवढी. तिला १:४ पुरे. पण त्याच जाळ्यात वरच्या बाजूला तांबूस, पाच-सहा मिलिमीटरचा नर असतो आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. त्याला २:१ लागतं. सोनेरी धागा दाखवायचा असेल तर समोरचा फ्लॅश मंद करून दुसरा छोटा फ्लॅश किंवा टॉर्च मागून तिरका द्या.

पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या आसपास एखादी मुंगी जरा वेगळी चालताना दिसली तर थांबा. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरलेले, पण मोजले तर पाय आठ, आणि समोर दोन मोठे डोळे. हा मुंगीचं सोंग घेणारा मिरमाप्लाटा कोळी. पान हलवलं तर तो धाग्यावर लटकतो, मुंगी तसं करत नाही. याला बाजूनेच घ्या, कमरेचा खोटा आवळ बाजूनेच दिसतो.

रात्रीची फेरी

टॉर्च डोळ्यांच्या रेषेत, कानाजवळ धरा. जमिनीवर हिरवट-निळे कण चमकतील ते लांडगा-कोळ्यांचे डोळे. टॉर्च कमरेशी धरली तर हे कण दिसतच नाहीत. हेडलॅम्प कपाळावर लावला की सगळे पतंग तोंडावर येतात, म्हणून तो चालतानाच वापरा, फोटोच्या वेळी मंद करा. पानांच्या वरच्या बाजूला काही नसेल तर खालून बघा. तासात शंभर मीटर झाले तरी खूप चाललात.

विंचवासाठी ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च घ्या. ३९५ ची स्वस्त मिळते, पण तिच्यात दिसणारा जांभळा उजेडच इतका असतो की विंचवाची हिरवी चमक त्यात बुडते. फ्लॅश बंद, आयएसओ १६००, एफ ८, शटर पाव ते एक सेकंद आणि कॅमेरा दगडावर टेकवून. विंचू स्थिर राहतो, त्यामुळे हे जमतं. कोकण पट्ट्यातला लाल विंचू जीवघेणा असतो, काडीनेसुद्धा त्याची जागा बदलू नका. उचललेला दगड होता तसाच परत ठेवा.

कॅमेरा पुढे करण्याआधी पूर्ण झुडूप टॉर्चने वरून खालपर्यंत तपासा. आंबोलीत चापडा हा विषारी साप याच उंचीवर फांदीला वेटोळं घालून बसतो आणि तुमचं सगळं लक्ष पाच मिलिमीटरच्या सोंडे किड्यावर असतं. गमबूट सक्तीचे, इंदूरच्या आसपासही. घोणस, फुरसं, मण्यार आपल्याकडेही आहेत. एकट्याने जायचं नाही. जळू चिकटली तर मीठ टाकू नका, जाळूही नका. नख तिच्या बारीक तोंडाकडे सरकवून ती सोडवा आणि जखम धुवा. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, ते होणारच.

ओल

एसी खोलीतून किंवा गाडीतून उतरून लगेच बॅग उघडलीत तर गार काचेवर वाफ धरते, आणि आतल्या काचेवर धरली तर पुसताही येत नाही. बॅग बंद ठेवूनच पाऊण तास बाहेर राहू द्या, किंवा आदल्या रात्री एसी लावूच नका. पावसात कॅमेऱ्यावर हॉटेलातली शॉवर कॅप ओढली तरी काम भागतं. फ्लॅशचा हॉट-शू (कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) ओला झाला की फ्लॅश मध्येच गप्प होतो. फेरी संपल्यावर तो कोरड्या फडक्याने पुसा आणि फ्लॅश काढूनच ठेवा.

घरी हवाबंद डबा, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. साठ-पासष्टच्या वर आठवडे गेले तर लेन्समध्ये बुरशी धरते. जेलचा रंग बदलला की १२० अंशांवर तास-दोन तास ओव्हनमध्ये. तांदळात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पीठ लेन्सच्या रिंगमध्ये जातं.

लाल रंग आणि ओळख

मृग लागल्यावर पहिल्या पावसात ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचे किडे निघतात. ते कोळ्यांचे नातेवाईक, पाय आठ. सरावाला फार छान, पण हमखास बिघडणारा फोटो. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि लाल चॅनल मात्र उतू गेलेला असतो. मखमलीचा एक केसही उरत नाही, नुसता लाल गोळा. कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम लावा, फ्लॅश एक पायरी खाली आणा आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच) काढा.

बहुतेक कोळी फोटोवरून प्रजातीपर्यंत ओळखता येत नाहीत, त्यासाठी प्रौढ नमुन्याचे जननेंद्रियांचे बारकावे लागतात. तरी नाव मिळण्याची शक्यता वाढवायची असेल तर सुंदर फ्रेम मिळाल्यावर थांबू नका. वरून, बाजूने, समोरून डोळ्यांची मांडणी दिसेल असा आणि जमलं तर पोटाकडून, असे चार फोटो घ्या. सोबत पट्टी न ठेवता मॅग्निफिकेशन लिहून ठेवा, त्यावरून लांबी काढता येते.

किड्यांना फ्रिजमध्ये गार करून किंवा चिमट्याने बसवून काढलेले फोटो ओळखू येतात. पाय पोटाशी आखडलेले असतात आणि मिशा लोंबत असतात. असं करू नका. अभयारण्यात आणि राखीव जंगलात वनविभागाची परवानगी घ्या, किडा किंवा कोळी सोबत आणू नका. झाडाच्या ढोलीतला मोठा केसाळ पोसिलोथेरिया कोळी दिसला तर फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ठिकाण अस्पष्ट ठेवा आणि मोबाइलच्या फोटोतली जीपीएस माहिती आधी काढून टाका. पाळीव प्राण्यांच्या बाजारात याला मोठी मागणी आहे, म्हणूनच २०१९ मध्ये हा संपूर्ण वंश (जीनस) सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातला गेला.